मॉलचं युनिट की विजयनगरचं दुकान?

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. वय ६१, शाळेतून निवृत्त. रामबागेतलं वडिलोपार्जित घर यंदा विकलं. मला आणि धाकट्या भावाला प्रत्येकी ३० लाख मिळाले. भाऊ म्हणतो, दोघांचे मिळून विजयनगरला ६० लाखांचं दुकान घेऊ, २० हजार भाडं आजच चालू आहे. त्याचाच मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, आत्या, दुकान नको, रीट घे, म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या ट्रस्टची शेअर बाजारात मिळणारी युनिटं. त्याने तक्ताही पाठवलाय. एक ऑफिसांचा रीट, भाव एनएव्हीपेक्षा (इमारतींच्या किमतीतून कर्ज वजा करून एका युनिटमागे निघणारी रक्कम) १२ टक्के खाली, परतावा ६.८ टक्के. दुसरा मॉलचा, एनएव्हीपेक्षा १० टक्के वर, परतावा ५.६ टक्के. त्याच्या मते पहिला स्वस्त, दुसरा महाग. एवढ्यावरून ठरवायचं का? भाव योग्य आहे की नाही, हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं?
– एक वाचक, इंदूर

ताई, नमस्कार.

भाच्याने कष्ट घेतलेत, पण निकाल जरा घाईत दिलाय. त्याच्या तक्त्यातले आकडे कोणत्या तारखेचे आहेत ते पत्रात नाही. म्हणून मी ते फक्त उदाहरणादाखल धरतो. त्यांवरून बाजारातल्या कुठल्याही रीटबद्दल मत बनवू नका. रीत कळली की आकडे तुम्हीच बदलून घालाल. गणित शाळेत शिकवतो त्यापुढचं नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने रीटचे नियम २०१४ मध्ये केले. पहिला रीट, एम्बसी, २०१९ मध्ये ३०० रुपयांना आला. मग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस सिलेक्ट आणि २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी. मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग बांधून पूर्ण झालेला आणि भाडं देणारा असावा लागतो. वाटण्याजोग्या रोकडीतले किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावे लागतात. कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांवर नेता येत नाही. डिमॅट खातं असलं की एक युनिटही घेता येतं.

आता एनएव्ही. हा आकडा कुठून येतो? नोंदणीकृत मूल्यांकनकार वर्षातून एकदा सगळ्या इमारतींचं पूर्ण मूल्यांकन करतो आणि अर्ध्या वर्षाने ते ताजं करतो. पुढच्या वर्षांत किती भाडं येईल याचा तो अंदाज बांधतो, आणि त्या भाड्याची आजची किंमत काढतो. त्यातून कर्ज वजा केलं आणि युनिटांच्या संख्येने भागलं की एनएव्ही. म्हणजे तो एका जाणत्या माणसाचा अंदाज असतो. त्या भावाने कोणी इमारत घ्यायला उभं असतंच असं नाही. इंदुरात रजिस्ट्री करताना कलेक्टर गाइडलाइनचा दर बघतात, पण प्लॉटचा खरा भाव त्यावरून कोणी सांगत नाही. एनएव्हीलाही तेवढाच मान द्या.

हा अंदाज किती नाजूक असतो ते ऑफिसवाल्या रीटवर बघू. सोयीसाठी एनएव्ही १०० रुपये धरू. एका युनिटमागे १३० रुपयांच्या इमारती, ३० रुपयांचं कर्ज. इमारतींचा खर्च जाऊन भाड्याचे निव्वळ १० रुपये ४० पैसे येतात. १३० वर हे बरोबर ८ टक्के झाले. या टक्क्यालाच मंडळी कॅप रेट म्हणतात. मूल्यांकनकाराने ८ ऐवजी साडेआठ टक्के धरले तर त्याच इमारतींची किंमत १२२ रुपयांवर येते. कर्ज ३० चं ३० च राहतं, म्हणून एनएव्ही ९२. आणि ९ टक्के धरले तर इमारती ११५ रुपये ६० पैसे, एनएव्ही ८५ रुपये ६० पैसे. बाजारभाव तर ८८ आहे! भाडेकरू तेच, भाडं तेच, इमारत तीच. नुसती टक्केवारी एकाने हलली आणि १२ टक्के स्वस्त असलेलं युनिट एनएव्हीपेक्षा महाग झालं. म्हणून अहवाल उघडाल तेव्हा एनएव्हीच्या आधी मूल्यांकनकाराने कॅप रेट किती धरलाय ते बघा. तो छापलेला असतो.

याच हिशेबाला उलटं फिरवलं की कामाची गोष्ट हाती येते. मूल्यांकनकाराला बाजूला ठेवा आणि बाजारालाच विचारा : बाबा, तू या इमारती किती टक्क्यांनी विकतोयस? ऑफिसवाल्या रीटचा भाव ८८, त्यात कर्जाचे ३० मिळवले की ११८. १०.४० भागिले ११८, म्हणजे ८.८ टक्के. मॉलवाल्याची एनएव्ही १००, कर्ज २०, निव्वळ भाडं ९ रुपये धरू. भाव ११०, अधिक २०, म्हणजे १३०. ९ भागिले १३०, म्हणजे ६.९ टक्के. दोघांत जवळपास दोन टक्क्यांचा फरक आहे.

हा फरक फुकटात मिळत नाही. मॉलचं भाडं ऑफिसच्या भाड्यापेक्षा दरवर्षी दोन टक्क्यांनी जास्त वाढेल, असं बाजार गृहीत धरतोय. तसं झालं तर दोन्ही भाव आपापल्या जागी रास्त आहेत, कोणीच स्वस्त नाही आणि कोणीच महाग नाही. भाच्याला हेच विचारा : ऑफिसवाल्याचं भाडं कमी का वाढेल असं लोकांना वाटतंय? याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर १२ टक्के सूट कशाबद्दल मिळतेय हे त्याला ठाऊक नाही.

बहुतेक वेळा उत्तर रिकाम्या मजल्यांत असतं. बऱ्याच आयटी पार्कांचा मोठा भाग एसईझेडमध्ये, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात होता. तिथे नव्याने काम सुरू करणाऱ्या कंपन्यांना मिळणारी आयकराची सवलत २०२० मध्ये बंद झाली आणि त्या जागांकडे कंपन्या पाठ फिरवू लागल्या. त्यात घरून काम सुरू झालं. २०२३ च्या डिसेंबरात नियम बदलून इमारतीचा काही भाग, मजल्यानुसार, एसईझेडमधून बाहेर काढायला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. म्हणून अहवालात एकूण किती टक्के जागा भरली आहे एवढ्यावर थांबू नका. एसईझेड आणि बाहेरची जागा वेगवेगळी बघा, येत्या दोन-तीन वर्षांत किती करार संपतायत ते बघा, आणि आजचं भाडं त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी आहे की जास्त ते बघा. कमी असेल तर करार संपणं ही चांगली बातमी असते. जागा ‘करारबद्ध’ आहे असं लिहिलं असेल तर भाडं खरोखर सुरू झालंय का, हेही विचारायला हवं. फर्निचर करायला भाडेकरूला सुरुवातीचे काही महिने भाडं माफ असतं.

वाढीबद्दल आणखी एक. ऑफिसच्या करारांत दर तीन वर्षांनी १५ टक्के भाडेवाढ सर्रास लिहिलेली असते. म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. एजंट मंडळी हा आकडा फार प्रेमाने सांगतात. पण २०२०-२१ ते २०२३-२४ या चार वर्षांत एम्बसीचं युनिटमागचं वार्षिक वाटप २१ ते २२ रुपयांच्या मध्येच राहिलं. २०२४-२५ मध्ये ते २३ झालं. करारात वाढ होती, पण रिकामे मजले आणि वाढलेलं व्याज ती खाऊन गेले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. त्या वर्षी एम्बसीचा भाव पुन्हा ३०० च्या आसपास फिरत होता, म्हणजे चार वर्षांपूर्वी जिथून निघाला तिथेच. ज्याने पहिल्या दिवशी घेतला त्याला मधली वाटपं मिळाली, भाववाढ नाही. म्हणून मी ऑफिसची वाढ ३ ते ४ टक्क्यांच्या वर धरत नाही.

मॉलचं गणित वेगळं. तिथे दुकानदार ठरलेलं किमान भाडं देतो आणि विक्री एका मर्यादेपलीकडे गेली की तिच्यातला हिस्साही देतो. त्यामुळे लोकांचा खर्च वाढला की भाडं आपोआप वाढतं. उलट, २०२० मध्ये मॉलना कुलपं लागली तेव्हा भाडी माफ करायची वेळ आली. आयटी कंपन्यांची भाडी त्या काळातही बहुतांशी येत राहिली. मॉलला मी ४ ते ५ टक्के वाढ धरेन.

इथे इंदूरकरांना एक सावधगिरीची सूचना. नेक्सस सिलेक्ट २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या १७ मॉलांत आपल्याकडचे दोन होते, इंदूर सेंट्रल आणि अर्ध्या हिश्शाचं ट्रेझर आयलंड. आपल्या शहराचं नाव दिसलं की माणूस लगेच विरघळतो. पण त्या ट्रस्टचं नशीब दिल्लीचं सिलेक्ट सिटीवॉक, चंदीगडचं एलांते, नवी मुंबईचं सीवूड्स अशा मोठ्या मॉलांवर ठरतं. शनिवारी संध्याकाळी एम. जी. रोडला पार्किंग मिळालं नाही म्हणून युनिट घेऊ नका, आणि मंगळवारी दुपारी शुकशुकाट दिसला म्हणून विकूही नका.

आता परताव्याची टक्केवारी. ऑफिसच्या १०.४० मधून कर्जाचं व्याज साधारण २ रुपये ४० पैसे जातं. व्यवस्थापनाची फी, दुरुस्ती वगैरे २ रुपये धरा. हाती उरतात ६ रुपये, ८८ वर ६.८ टक्के. मॉलमध्ये ९ वजा १.६० वजा १.२०, म्हणजे ६ रुपये २० पैसे, ११० वर ५.६ टक्के. भाच्याचे आकडे इथे जुळतात. पण हे पैसे तीन-चार नावांनी येतात : व्याज, लाभांश, आणि ट्रस्टने आपल्याच उपकंपन्यांना दिलेल्या कर्जाची परतफेड. व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो आणि १० टक्के टीडीएस कापला जातो. उपकंपनीने कमी दराची करपद्धत निवडली नसेल तर लाभांश करमुक्त असतो, निवडली असेल तर त्यावरही कर. परतफेडीचा भाग त्या वर्षी करात येत नाही, पण तेवढ्याने तुमची खरेदी किंमत कमी धरली जाते आणि पुढे विकताना नफा जास्त दिसतो. काही जण ‘परतफेड’ शब्द बघून घाबरतात, आपलेच पैसे परत देतायत म्हणून. तसं घाबरायचं कारण नाही. मागचा पैसा बहुधा भाड्याचाच असतो, नाव करासाठी वेगळं पडतं. बघायचं ते हे की वाटप भाड्यातून होतंय की नव्या कर्जातून. वाटप स्थिर आणि कर्ज दरवर्षी वाढतंय, नवी इमारतही घेतलेली नाही, असं दिसलं तर दूर राहा.

ॲपवर दिसणाऱ्या पी/ईकडे, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे त्या आकड्याकडे, मात्र ढुंकून बघू नका. इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेपोटी कागदावर धरलेली रक्कम, नफ्यातून वजा होतो, खिशातून काही जात नाही. त्यामुळे रीटचा पी/ई नेहमी भयंकर दिसतो.

मग रास्त भाव किती? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज मिळत आलंय, तेही सरकारच्या हमीवर. मग भाडेकरू जाण्याची आणि भाव पडण्याची जोखीम घ्यायला मी निदान साडेदहा टक्के मागेन. या साडेदहाच्या मागणीतून भाड्याची वाढ वजा करा आणि उरलेल्या टक्क्यांनी वर्षाच्या वाटपाला भागा. ऑफिसला ३ टक्के वाढ धरली तर ६ भागिले साडेसात टक्के, म्हणजे ८० रुपये. ४ टक्के धरली तर ९२. भाव ८८, म्हणजे पट्ट्याच्या आत आहे. सवलत वगैरे काही नाही, रास्त भाव आहे. मॉलला ४ टक्के धरले तर ९५, ५ टक्के धरले तर जवळपास ११३. भाव ११०, म्हणजे पट्ट्याच्या वरच्या टोकाला; तिथे सगळं चांगलंच घडेल याचे पैसे आधीच वसूल केले जातायत. एक टक्क्याच्या फरकाने उत्तर इतकं हलतं, म्हणून रास्त भाव म्हणून एकच आकडा सांगणाऱ्यापासून जपा.

भावाच्या दुकानाला हीच फूटपट्टी लावू, कारण पत्रात त्याचा भाव कोणी तपासलेला दिसला नाही. २० हजार महिना, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. ६० लाखांवर ४ टक्के. पण स्टॅम्प आणि रजिस्ट्री धरून दुकान निदान ६६ लाखांना पडेल. नगर निगमचा संपत्ती कर, भाडेकरू बदलताना महिनाभर रिकामं शटर, दलाली हे सगळं काढून २ लाख १५ हजार हातात राहिले तरी खूप. म्हणजे सव्वातीन टक्के. साडेदहाच्याच मागणीने आणि ६ टक्के वाढ धरून या दुकानाचा रास्त भाव ४८ लाख येतो. ५ टक्के धरली तर ३९. तक्त्यात एनएव्हीचा रकाना नाही म्हणून ते महाग दिसत नाही एवढंच. माझ्या हिशेबाने तिन्हींत सगळ्यात महाग तेच आहे. विजयनगरच्या जागांचे भाव पुढे दुप्पट होतील असं भाऊ म्हणेल. होतीलही. पण मग तो भाड्यासाठी घेत नाही, जागेच्या भावावर डाव लावतोय, आणि तोही दोघांचे सगळे पैसे एका शटरमागे ठेवून. उद्या तुम्हाला दवाखान्यासाठी चार लाख लागले तर दुकानाचा एक कोपरा विकता येणार नाही आणि विषय भाऊ-बहिणीच्या नात्यावर जाईल. रीटची चार लाखांची युनिटं सकाळी विकली तर पैसे पुढच्या एक-दोन दिवसांत खात्यात येतात. त्या दिवशी भाव काय असेल, ते नशीब.

तुमच्या जागी मी काय करेन? निवृत्तीचे पैसे घालूनही बचत योजनेत जागा शिल्लक असेल तर आधी ती भरेन. तिथे मर्यादा ३० लाखांची आहे. रीटमध्ये पाच-सहा लाखांपेक्षा जास्त नाही, आणि तेही वर्षभरात तीन-चार हप्त्यांनी. ऑफिसवाला आजच्या भावाला थोडा घ्यायला हरकत नाही, पण रिकाम्या मजल्यांचं उत्तर मिळाल्यावरच. मॉलवाला आवडत असेल तर तो १०० च्या आत आल्यावर बघू. भाव पाच-दहा टक्के पडला की ज्यांची झोप उडते त्यांनी यात पडूच नये. तुमच्या पत्राच्या सुरावरून तुमची उडेल असं मला वाटत नाही. वर्षभर ठेवून विकलीत तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकलीत तर वीस टक्के.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट, जी ना भावाने काढली ना भाच्याने. घर विकून जो नफा झाला त्यावर कर आहे. तो वाचवायचा तर राहतं घर घ्यावं लागतं किंवा आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी वित्तसंस्थांचे कॅपिटल गेन बाँड घ्यावे लागतात. रीटची युनिटं घेऊन तो वाचत नाही आणि दुकान घेऊनही वाचत नाही. बाँडात पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज कमी, त्यामुळे कर भरून मोकळं होणं परवडेल का, हे आकडे मांडूनच ठरवावं लागेल. घर १ एप्रिल २००१ च्या आधीपासून कुटुंबात असेल तर खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीची किंमत धरता येते आणि कराची रक्कम वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघू शकते. पण बाँड घ्यायला विक्रीपासून सहाच महिने मिळतात. रजिस्ट्रीची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. कागद काढा, तारीख बघा आणि या आठवड्यातच सीएकडे जाऊन या. रीट कुठे पळून जात नाहीत.